नजर थांबवणारी चौकट

८ जून १९७२ रोजी दक्षिण व्हिएतनाममधल्या त्रांग बांग गावाजवळ दक्षिण व्हिएतनामच्याच विमानानं चुकून नापाम बॉम्ब टाकले. गावाबाहेरच्या रस्त्यावर त्या वेळी छायाचित्रकार आणि टीव्हीचे कॅमेरे हजर होते. त्यामुळे पुढच्या काही मिनिटांचं चित्रण अनेक कोनांतून झालं. त्यातली एकच चौकट जगाच्या लक्षात राहिली : नऊ वर्षांची किम फुक अंगावर एकही कपडा नसताना रस्त्यावरून कॅमेऱ्याच्या दिशेनं धावत येते आहे. पण त्याच रस्त्यावर, त्याच सुमारास टिपलेलं याहून भयंकर दृश्यही उपलब्ध आहे. एक आजी भाजलेल्या लहानग्या नातवाला हातांवर घेऊन येते आहे. मुलाची कातडी लोंबते आहे आणि ते अखेरच्या घटका मोजतं आहे. हे दृश्य छायाचित्रातही आहे, फिल्मवरही आहे. दुःखाची तीव्रता हाच निकष धरला तर लोकांच्या आठवणीत ती आजी राहायला हवी होती. राहिली ती धावणारी मुलगी. असं का झालं, या प्रश्नाचं उत्तर घटनेत सापडत नाही, कारण घटना दोन्हीकडे एकच आहे. ते चौकटीत शोधावं लागतं.

त्या चौकटीत काय आहे ते सावकाश पाहू. रस्ता खालच्या कडेपासून सुरू होतो आणि निमुळता होत मागच्या काळ्या धुरात शिरतो. त्यावर पाच मुलं विखुरलेली आहेत. डावीकडचा मुलगा कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळ, म्हणून आकारानं सर्वांत मोठा, आणि त्याचं तोंड आक्रोशानं वेडंवाकडं उघडलेलं. नजर आधी तिथे जाते. तिथून ती किम फुककडे सरकते, कारण तीच एकटी उघडी आहे आणि तिनं हात अंगापासून लांब धरले आहेत, जणू स्वतःच्याच कातडीला त्यांचा स्पर्श नको. मग उजवीकडे एकमेकांचा हात धरलेली दोन भावंडं. आणि त्यानंतर, जरा उशिरानं, नजर मागच्या सैनिकांवर पोहोचते. इथे चित्र उलगडतं : मुलं धावताहेत, सैनिक चालताहेत. रोजचं काम उरकून परतणाऱ्या माणसांची ती चाल आहे. त्यांच्यामागे धुरानं क्षितिज बंद केलेलं, म्हणजे मागे जायला वाट नाही. आक्रोश, मग शरीर, मग बेफिकिरी, मग कारण, अशा क्रमानं ही चौकट वाचली जाते. आजीच्या चित्रात सगळी भीषणता एकाच जागी गोळा झालेली आहे. नजर तिथे पोहोचते आणि तिथूनच पळ काढते. तिला जायला दुसरी जागाच नाही.

शोकांतिकेच्या वृत्तछायाचित्रात रचना नेमकं काय करते, याचं माझं उत्तर या फरकात आहे. रचना म्हणजे चित्र देखणं करण्याची कला, असा आपला सर्वसाधारण समज असतो. लग्नाच्या अल्बमपुरता तो ठीक आहे. बातमीतल्या मृत्यूसमोर मात्र वाचकाचा सहज कल पान उलटण्याकडे असतो, आणि तो अगदी नैसर्गिक आहे. रचनेचं काम हा कल काही सेकंदांपुरता रोखून धरण्याचं. हे ती बहुतेक वेळा काही दाखवून करत नाही, काही मागे ठेवून करते. नजरेला पाय टेकायला जागा द्यायची, तिथून पुढे जायला वाट द्यायची आणि जे सर्वांत असह्य आहे ते अर्धंच दाखवायचं. हा दावा तपासण्याचा एक सोपा मार्ग उपलब्ध आहे. एकाच घटनेच्या दोन किंवा अधिक चौकटी शेजारी ठेवायच्या. घटना तीच राहिल्यामुळे परिणामातला फरक बऱ्याच अंशी चौकटीच्या खात्यावर टाकता येतो.

नजर चित्रावरून कशी फिरते, याची मोजमापं अनेक दशकांपासून उपलब्ध आहेत. सोव्हिएत शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी लोकांना इल्या रेपिन यांचं एक चित्र दाखवून त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या. त्यांचं पुस्तक १९६७ मध्ये इंग्रजीत आलं. त्या नोंदींवरून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. डोळा चित्रभर सारखा फिरत नाही, तो चेहऱ्यांवर पुन्हा पुन्हा येतो आणि मोकळ्या पार्श्वभूमीकडे क्वचितच वळतो. शिवाय पाहणाऱ्याला जो प्रश्न विचारला असेल त्यानुसार त्याच्या नजरेचा मार्ग बदलतो. रचना हा असाच न विचारलेला प्रश्न असतो. हात कुणाचा, तो मुलगा कुणाकडे पाहतो आहे, मागचे लोक काय करताहेत, असले प्रश्न ती पाहणाऱ्याच्या नकळत उभे करते आणि नजर उत्तर शोधत राहते.

आता आपल्या देशातली एक जोडी. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. मध्य प्रदेश सरकारच्या नोंदीत ३,७८७ मृत्यू आहेत, आणि इतर अंदाज त्याहून कितीतरी मोठे आहेत. पुढच्या दिवसांत एका लहान मुलाचं दफन होत असताना रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू हे दोघं छायाचित्रकार तिथे होते आणि दोघांनीही त्या मुलाचं चित्र घेतलं. मूल कोणाचं, हे आजवर ठरलेलं नाही. बार्थोलोम्यू यांचं चित्र रंगीत. त्याला ‘वर्ल्ड प्रेस फोटो’चा त्या वर्षीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. राय यांचं कृष्णधवल. त्यात खडे-मातीत अर्धवट बुजलेला चेहरा आहे, पापण्या उघड्या, बुबुळं गढूळ, आणि त्या चेहऱ्यावरून एका मोठ्या माणसाचा हात फिरतो आहे.

सगळं या हातावर येऊन थांबतं. तो माती सारखा करतो आहे की चेहऱ्यावरून शेवटचं फिरतो आहे, हे चित्र सांगत नाही. त्या माणसाचा चेहरा चौकटीबाहेर आहे. तो बाप आहे की दफन करणारा कुणी परका, हेही चित्रातून कळत नाही. चौकट इतकी जवळून घेतली आहे की कबर, कबरस्तान, गर्दी, भोपाळ यातलं काहीच शिल्लक नाही. मृत चेहऱ्याकडे पाहणं अवघड जातं तेव्हा नजर हाताकडे जाते. हात जिवंत आहे, त्याची हालचाल ओळखीची आहे, घराघरात मुलांच्या कपाळावरून फिरणारी. तिथे थोडा विसावा घेतला की बोटं नजरेला परत चेहऱ्याकडे नेतात. रंगीत चित्रात मातीचा, कातडीचा, डोळ्यांचा खरा रंग समोर येतो. पुरावा म्हणून ते चित्र अधिक सक्षम आहे, आणि पुरस्कार त्यालाच मिळाला याचं आश्चर्य वाटण्याचं कारण नाही. पण कृष्णधवलात माती आणि कातडी राखाडी रंगाच्या एकाच छटेत येतात. त्यामुळे चेहरा मातीतून वर येतो आहे की मातीत विरघळतो आहे, हे डोळ्याला पुन्हा पुन्हा ठरवावं लागतं. भोपाळचं नाव निघालं की अनेकांच्या डोळ्यांसमोर आजही राय यांची चौकट येते. पुरस्काराची निवड एक झाली आणि स्मरणाची दुसरी.

मागे ठेवण्याचं तत्त्व सर्वांत काटेकोरपणे पाळलेलं चित्र मला आर्को दत्ता यांचं वाटतं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत हिंदी महासागराच्या काठावरच्या देशांत दोन लाखांहून अधिक माणसं गेली. रॉयटर्ससाठी मुंबईत राहून काम करणारे दत्ता दोन दिवसांनी तामिळनाडूतल्या कडलूरला होते. त्यांच्या चौकटीत एक बाई वाळूवर पालथी पडली आहे, हात पसरलेले, तळवे आभाळाकडे. चौकटीच्या कडेला एक हात दिसतो, तिच्या मृत नातेवाइकाचा. फक्त हात. बाकी सगळी वाळू. चौकट थोडी बाजूला सरकवली असती तर पूर्ण मृतदेह आत आला असता, आणि मग हे चित्र मृतदेहाचं झालं असतं. आता ते त्या दोघांमधल्या रिकाम्या वाळूचं आहे. उघडे तळवे आणि निष्प्राण बोटं यांच्यामध्ये ओलांडता न येणारं थोडंसं अंतर आहे, आणि नजर तेच अंतर पुन्हा पुन्हा कापत राहते. लाखांच्या आकड्यापुढे मन बधिर होतं. या चित्रात मृत व्यक्ती एक, तीही जेमतेम हाताएवढी. याला ‘वर्ल्ड प्रेस फोटो’चा २००४ चा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

एका व्यक्तीचं चित्र आकड्यांपेक्षा अधिक हलवतं, हे आपण अनुभवानं जाणतोच. त्याला मोजमापाचाही आधार आहे. २ सप्टेंबर २०१५ रोजी तुर्कस्तानात बोद्रुमच्या किनाऱ्यावर आलान कुर्दी या सीरियन मुलाचा मृतदेह लाटांनी आणून टाकला. निलुफेर देमिर यांनी तो टिपला. पॉल स्लोव्हिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडिश रेड क्रॉसच्या सीरियन निर्वासितांसाठीच्या निधीचे आकडे तपासून २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. चित्र छापून आल्यानंतरच्या आठवड्यात रोज येणाऱ्या देणग्यांची संख्या आधीच्या आठवड्याच्या शंभरपटीहून जास्त झाली होती. त्याआधीची चार वर्षं त्या युद्धातल्या मृतांचे आकडे वर्तमानपत्रांत नियमित येतच होते. काही आठवड्यांत ही लाट ओसरली, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते विसरू नये. देमिर यांच्या चित्रांतही दोन प्रमुख चौकटी आहेत. एकीत पोलिस त्या मुलाला उचलून नेतो आहे. दुसरीत मूल एकटंच, पालथं, लाल शर्ट आणि बूट तसेच, झोपेत लहान मुलं पडतात त्या स्थितीत. पहिलीत मोठ्या माणसाच्या हातांमुळे पाहणाऱ्याला थोडा दिलासा मिळतो, कुणीतरी आलं आहे असा. काही वृत्तपत्रांनी पहिली चौकट निवडली, काहींनी दुसरी. त्या निवडीमागे संपादकीय संकोच आणि वाचकाची पचनशक्ती यांचा हिशेब होता.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो छायाचित्रकारच अनेकदा घेतात. बॉम्ब पडत असताना, लोक रडत असताना रचनेचा विचार कोण करतो? सेकंदाच्या एखाद्या अंशात बोट दाबलं जातं. नंतर आपण त्यात तिरक्या रेषा आणि मोकळ्या जागा शोधत बसतो, हा पश्चातबुद्धीचा खेळ नाही का? आक्षेपात तथ्य आहे, पण रचना फक्त बोट दाबण्याच्या क्षणी होते असं त्यात गृहीत धरलेलं आहे. प्रत्यक्षात तिचा बराच भाग त्या क्षणाच्या आधी ठरतो : कोणती लेन्स लावली, रस्त्याच्या कोणत्या बाजूला उभं राहिलं, गुडघे टेकले की नाही. आणि राहिलेला बराच भाग नंतर ठरतो. त्रांग बांगच्या मूळ निगेटिव्हमध्ये उजव्या कडेला कॅमेऱ्याशी झटापट करणारा एक माणूस दिसतो. छापलेल्या चित्रात तो कापला आहे. तो राहिला असता तर मुलांच्या किंकाळीशेजारी एक माणूस आपल्या कामात गर्क दिसला असता, आणि सैनिकांच्या बेफिकिरीची सगळी धार त्याच्याकडे वळली असती. नग्न शरीर असलेलं चित्र न पाठवण्याचा वृत्तसंस्थेचा शिरस्ता होता. असोसिएटेड प्रेसच्या (एपी) सायगॉन कार्यालयातले हॉर्स्ट फास यांनी तो मोडून हे चित्र पाठवण्याचा आग्रह धरला. गंमत म्हणजे हे चित्र नेमकं कुणी काढलं यावरच २०२५ मध्ये वाद उभा राहिला. एपीचे छायाचित्रकार निक उट यांना दिलेलं श्रेय ‘वर्ल्ड प्रेस फोटो’नं स्थगित केलं, एपीनं कायम ठेवलं. चित्राचा परिणाम मात्र या वादानं तसूभरही बदलत नाही. बोट कुणाचंही असो, चौकट तीच आहे.

निवडीचं महत्त्व सर्वांत उघड दिसतं ते ११ सप्टेंबर २००१ च्या न्यू यॉर्कमध्ये. एपीचे रिचर्ड ड्रू यांनी जळत्या टॉवरवरून पडणाऱ्या एका माणसाच्या लागोपाठ बारा चौकटी घेतल्या. त्यातली जी प्रसिद्ध झाली तीत तो माणूस डोकं खाली, पाय वर, एक गुडघा दुमडलेला, अगदी सरळ रेषेत आहे. मागे इमारतीच्या उभ्या पट्ट्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत गेलेल्या आणि त्याचं शरीर त्यांना समांतर. ना जमीन दिसते, ना आभाळ, ना धूर. जणू तो पडत नसून हवेत टांगलेला आहे. बाकीच्या चौकटींत तोच माणूस गडगडतो आहे, हातपाय अस्ताव्यस्त, कपडे फडफडताहेत. म्हणजे ती शांतता त्या माणसाची नव्हती. ती बारांपैकी एका चौकटीची होती, आणि नेमकी तीच निवडण्यात आली. दुसऱ्या दिवशी न्यू यॉर्क टाइम्ससह अनेक अमेरिकन वृत्तपत्रांनी ते चित्र छापलं. वाचक इतके संतापले की पुढे अनेक वर्षं ते तिथल्या पानांवर जवळजवळ दिसेनासं झालं. रक्ताचा एक थेंब नसलेल्या चित्रावर हा राग का? मला वाटतं, पाहणाऱ्याला त्या शरीरापासून सुटका करून घ्यायला दुसरं काही ठेवलेलंच नव्हतं म्हणून. त्रांग बांगच्या चौकटीत नजरेला फिरायला रस्ता आहे, इथे उभ्या पट्ट्या तिला खालीच ढकलत राहतात.

मुंबईच्या वाचकाला या संदर्भात २६ नोव्हेंबर २००८ चा दहशतवादी हल्ला आठवल्याशिवाय राहणार नाही. मुंबई मिररचे सेबॅस्टियन डिसोझा सीएसटी स्थानकात रेल्वेच्या डब्याचा आडोसा घेऊन, फ्लॅश न वापरता चित्रं घेत होते. त्यातली हल्लेखोर कसाबची चौकट घराघरात पोहोचली. त्या चौकटीत मृत कुणीच नाही. पाठीवर पिशवी, टी-शर्ट, खिशांची पँट, पाऊल उचललेलं. एवढं पाहिलं तर कॉलेजला निघालेला मुलगा, फक्त हातात रायफल. तीच एक वस्तू बाकीच्या चित्राशी जुळत नाही, आणि पाहणारा नेमका तिथे अडकतो. या छायाचित्रांना पुढे खटल्यात पुरावा म्हणून स्थान मिळालं आणि डिसोझांची साक्ष झाली. न्यायालयाला रचनेचं सोयरसुतक नव्हतं. त्याला ओळख पटवणारा चेहरा आणि हत्यार हवं होतं.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. दुःखाची रचना करणं म्हणजे दुःखाला सुंदर करणं, आणि सुंदर झालेलं दुःख पाहणाऱ्याला कृती करण्याऐवजी आस्वाद घ्यायला लावतं. लेखिका सुझन सोंटॅग यांनी १९७७ च्या आपल्या पुस्तकात छायाचित्रांच्या माऱ्यानं संवेदना बोथट होते असं मांडलं. २००३ च्या पुस्तकात मात्र त्यांनी स्वतःच या मताची फेरतपासणी केली. छायाचित्रकार सेबास्तियाओ साल्गादो यांच्या दुष्काळाच्या चित्रांवर इन्ग्रिड सिशी यांनी १९९१ मध्ये न्यू यॉर्करमध्ये याच मुद्द्यावरून कठोर टीका केली. या आक्षेपाला ‘रचना नसलेली चित्रं मग प्रामाणिक असतात का?’ असा उलट प्रश्न विचारून भागणार नाही, कारण रचनेनं बिघडवलेली चित्रं खरोखरच आहेत. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात, ज्याची झळ मुंबई इलाख्यातल्या दख्खनलाही बसली, विलोबी वॉलेस हूपर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं मद्रास इलाख्यातल्या उपाशी लोकांची छायाचित्रं घेतली. हाडांचे सापळे झालेली माणसं त्यात गटागटानं बसवली आहेत, बहुतेक कॅमेऱ्याकडे तोंड करून, स्टुडिओतल्या कौटुंबिक फोटोसारखी. रचना व्यवस्थित आहे आणि परिणाम थिजवणारा आहे. कारण ती रचना नमुन्यांची मांडणी आहे. त्यात कुणी कुणाकडे पाहत नाही, नजरेला माणसामाणसांमधलं नातं सापडत नाही. उरते फक्त फासळ्यांची मोजणी.

उलट टोकाचं उदाहरण २०१२ चं. गाझामध्ये एका अरुंद गल्लीतून दोन लहान मुलांचे कफनात गुंडाळलेले देह घेऊन नातेवाइकांचा जमाव चालला आहे, हे पॉल हॅन्सन यांचं चित्र त्या वर्षी ‘वर्ल्ड प्रेस फोटो’चं सर्वोच्च चित्र ठरलं. दोन्ही बाजूंच्या भिंती, त्यांच्यामधून पुढे येणारे चेहरे, पुढ्यात ती मुलं : रचनेच्या दृष्टीनं त्यात खोट काढणं कठीण. पण भिंतींवरून परतणाऱ्या उजेडाला संगणकावर इतकं उजळ आणि गडद केलं होतं की अनेकांना ते चित्रपटाचं पोस्टर वाटलं. हे अनेक चित्रं जोडून बनवल्याचा आरोपही झाला. तज्ज्ञांच्या तपासणीत तो खोटा ठरला. मूळ चित्र खरं होतं, फक्त रंगछटांवर बरंच काम झालेलं होतं. तरी मला त्या वादात अर्थ दिसतो. मुलांकडे पाहून झाल्यावर ‘हा उजेड आला कुठून?’ असा प्रश्न अनेकांना पडला, तिथेच चित्र स्वतःच्या वजनाखाली दबलं. सौंदर्य हा दोष नाही, दत्ता यांचं चित्र सुंदरच आहे. पाहणाऱ्याची नजर मृतावरून उचलून छायाचित्रकाराच्या कौशल्यावर नेऊन ठेवली जाते, हा दोष. दोन्हींतली सीमारेषा आखून दाखवता येत नाही, पण ती नाकारणंही बरोबर नाही. चेहरा नसूनही ती पाळता येते, हे दानिश सिद्दीकी यांनी एप्रिल २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत दिल्लीत दाखवलं. उंचावरून टिपलेल्या त्यांच्या चौकटीत चितांच्या रांगा आणि त्यांना लागूनच राहत्या घरांची छपरं दिसतात. रांग ही अगदी साधी रचना, शाळेच्या कवायतीतही असते. चितांची रांग घराच्या छपराला भिडते तेव्हा मात्र त्या दिवसांचा सगळा अर्थ तिच्यात येतो. सिद्दीकी बरीच वर्षं मुंबईत रॉयटर्ससाठी काम करत होते. त्याच वर्षी जुलैत अफगाणिस्तानात वार्तांकन करताना ते मारले गेले.

तिसरा आक्षेप सत्याचा. चौकट कापते, आणि जे कापलं ते खोटं पाडलं जातं. याच्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. १ फेब्रुवारी १९६८ रोजी सायगॉनच्या रस्त्यावर जनरल ङ्युएन ङोक लोआन यांनी एका बांधलेल्या कैद्याच्या डोक्यात गोळी घातली, तो क्षण एडी ॲडम्स यांनी टिपला. जनरलचा ताणलेला हात चौकटीत आडवी रेघ ओढतो आणि ती कैद्याच्या वेदनेनं आक्रसलेल्या चेहऱ्यावर संपते. यापेक्षा सुस्पष्ट वाक्य चित्रात लिहिता येणार नाही. त्या कैद्यावर स्वतःच हत्येचे आरोप होते, हे चौकटीत मावत नाही. ॲडम्स यांनीच पुढे जाहीरपणे म्हटलं की छायाचित्रं अर्धंच सत्य सांगतात आणि आपल्या चित्रानं लोआन यांच्यावर अन्याय झाला. बांधलेल्या माणसाला खटला न चालवता मारणं कोणत्याही संदर्भात समर्थनीय होत नाही, असं मला वाटतं. म्हणजे चित्रानं सांगितलेलं अर्धं अर्धंच असलं तरी खरं आहे. पण अर्ध्याचं पूर्ण होण्याचा भास रचनेमुळेच होतो. ज्या चौकटीत काही विस्कटलेलं नाही, ती पाहून आणखी काही विचारावंसं वाटत नाही. दुबळ्या रचनेच्या चित्राला हा धोका कमी असतो. त्याच्यावर कुणी इतका विश्वासच ठेवत नाही.

चौकटीनं कापल्याची किंमत केव्हिन कार्टर यांच्या चित्राला सर्वांत जास्त मोजावी लागली. मार्च १९९३ मध्ये सुदानमधल्या आयोद इथे टिपलेली ती चौकट २६ मार्चला न्यू यॉर्क टाइम्समध्ये आली : जमिनीवर कोसळलेलं उपाशी मूल, आणि मागे वाट पाहणारं गिधाड. पुढे मूल, मागे पक्षी, दोन्ही एका तिरक्या रेषेवर, आणि बाकी कोरडी जमीन. दुसरं माणूस नाही, झोपडी नाही. लांब पल्ल्याच्या लेन्समधून पाहिलं की पुढच्या-मागच्या वस्तूंमधलं अंतर कमी वाटतं. इथे मूल आणि गिधाड त्यामुळे आणखी जवळ आले आहेत. बरोबर असलेले छायाचित्रकार जुआव सिल्वा यांच्या सांगण्यानुसार जवळच संयुक्त राष्ट्रांचं विमान उतरलं होतं आणि मोठी माणसं अन्न घेण्यात गुंतली होती. चौकटीत ते काही नाही. त्या रिकामपणानंच चित्राला बळ दिलं आणि त्या रिकामपणानंच छायाचित्रकाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. जिथे दुसरं कुणीच दिसत नाही, तिथे मदत करू शकणारा एकच माणूस उरतो, कॅमेऱ्यामागचा. ‘मग त्यानं काय केलं?’ हा जगभरच्या वाचकांचा प्रश्न रचनेनंच त्यांच्या तोंडी घातला होता. एप्रिल १९९४ मध्ये या चित्राला पुलित्झर मिळालं, आणि त्याच वर्षी जुलैत कार्टर यांनी आत्महत्या केली. तिची कारणं अनेक होती, सगळी या एका चित्राच्या माथी मारणं योग्य नाही.

चौकट कापते म्हणून ती कापूच नये, असा निष्कर्ष यातून निघत नाही. विमान, रांगा, सैनिक, इतर मुलं हे सगळं आत घेतलेलं चित्र त्या दुष्काळाबद्दल अधिक बरोबर असतं आणि कुणी ते पाहिलं नसतं. कापलेलं भरून काढण्याची जागा चित्राच्या खाली असते. टाइम्सकडे इतकी विचारणा झाली की ३० मार्चला त्यांना संपादकीय टीप छापावी लागली : गिधाडाला हुसकल्यानंतर मूल पुन्हा चालू लागण्याइतपत सावरलं, ते अन्नवाटप केंद्रापर्यंत पोहोचलं की नाही हे माहीत नाही. चित्रात मुलगी म्हणून ओळखलं गेलेलं ते मूल मुलगा होता आणि त्या दुष्काळातून वाचला होता, हे बाहेर यायला आणखी बरीच वर्षं गेली. पण ३० मार्चच्या टिपेत जे होतं ते कार्टर यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि २६ तारखेच्या फोटोओळीत ते दोन वाक्यांत मावलं असतं.